दुखत नाही, तरी डेंटिस्टकडे कशाला जायचं?

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षातून एकदा तरी तो कागद लागतोच: रविवारी सकाळी दहा ते एक, क्लबहाऊसमध्ये मोफत दंततपासणी शिबिर. २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो, त्याच्या मागेपुढे तर बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत अशी शिबिरं भरतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी असते आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर एक शब्द सारखाच असतो: स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई. मग लिफ्टपाशी चर्चा रंगते. एक काका म्हणतात, "सगळ्यांना तेच लिहून दिलंय, धंदा आहे नुसता." शेजारच्या काकू सांगतात, "आमच्या ह्यांनी एकदा सफाई करून घेतली आणि तेव्हापासून दात हलायला लागले." तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने कुठल्याशा रीलमध्ये ऐकलेलं असतं की दर सहा महिन्यांनी सफाई केलीच पाहिजे.

तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि तिघांचंही थोडं चुकतंय. खरं तर सफाई हा यातला दुय्यम भाग. मुख्य काम तपासणीचं आहे, आणि ती वेळेवर का व्हावी लागते हे कळायला दात कसा बिघडतो ते आधी पाहावं लागेल.

दात किडत असताना कळत का नाही?

दाताचं बाहेरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण त्यात जिवंत पेशी नसतात आणि नसाही नसतात. मोडलेलं हाड सांधतं, कापलेलं बोट भरून येतं. इनॅमलला एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही, आणि पडत असताना दुखतही नाही.

खड्डा पडतो आम्लामुळे. तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर तोंडातला आकडा ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली उतरला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. मग लाळ कामाला लागते, आम्ल सौम्य करते आणि खनिजं परत बसवायला मदत करते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकूण साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. उठल्यावर चहा, ऑफिसला पोचल्यावर चहा, अकराला एक कटिंग, चारला पुन्हा एक, सोबत ग्लुकोजची दोन बिस्किटं: अशा दिवशी लाळेला निवांत वेळ मिळतच नाही. जेवणानंतर एकदाच खाल्लेला गुलाबजाम त्या मानाने परवडला. स्वीडनमध्ये १९४५ नंतर व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत जे प्रयोग झाले, त्यांतून हे स्पष्ट झालं. तिथल्या रहिवाशांना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या खायला देऊन त्यांचे दात किडू दिले गेले. आज असा प्रयोग करायला कुणी परवानगी देणार नाही, आणि तेच योग्य आहे.

इनॅमलच्या आत डेंटिन नावाचा जरा मऊ थर असतो आणि त्याच्याही आत दाताची नस. कीड डेंटिनपर्यंत पोचली की गार-गोड झिणझिणतं. नसेपर्यंत पोचली की रात्री दाढ ठणकते, लवंगेचं तेल शोधायला घर पालथं घातलं जातं आणि सकाळी उठून डेंटिस्टला फोन होतो. तोपर्यंत ज्याचं छोट्याशा फिलिंगवर भागलं असतं, त्याचं रूट कॅनल आणि वर कॅप झालेलं असतं. ही कीड दुखायच्या आधी महिनोन् महिने, कधी काही वर्षं, तिथेच असते. अगदी सुरुवातीला ती खडूसारखा पांढरट डाग म्हणून दिसते. त्या टप्प्यावर फ्लोराइड आणि खाण्याच्या सवयीतला बदल एवढ्यानेही ती थांबू शकते, ड्रिलची गरजच पडत नाही. मात्र हा डाग घरच्या आरशात दिसत नाही, दोन दाढांच्या फटीतला तर मुळीच नाही.

दोन वेळा ब्रश करतो, मग किटण येतं कुठून?

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत लागतं, तो जिवाणूंचा थर म्हणजे प्लाक. तो मऊ असतो आणि ब्रशने निघतो. जिथे ब्रश पोचत नाही तिथे तो राहतो, आणि लाळेतलं कॅल्शियम व फॉस्फेट त्यात बसून तो टणक होऊ लागतो. ही सुरुवात एक-दोन दिवसांतही होऊ शकते. टणक झालेल्या या थराला आपण किटण म्हणतो, डॉक्टर टार्टर किंवा कॅल्क्युलस म्हणतात.

टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी भरणाऱ्या घरांना हे वेगळं समजवायला नको. बादलीवर पाण्याचे थेंब सुकले आणि त्याच दिवशी पुसले तर फडक्याने साफ होतात. आठवडाभर राहिले की पांढरा खरखरीत थर बसतो, मग कितीही घासा, तो हलत नाही, खरवडावाच लागतो. शिवाय खरखरीत बादलीवर नवा थर आणखी लवकर धरतो. किटणाचंही तसंच. ते स्वतः फारसं काही करत नाही, पण त्याच्या खडबडीत पाठीवर नवा प्लाक घट्ट बसतो, तोही थेट हिरडीला लागून.

किटण सगळ्यात जास्त साठतं ते खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. यात तुमच्या आळसापेक्षा लाळेच्या नळ्यांचा वाटा मोठा आहे: जिभेखालच्या आणि गालातल्या ग्रंथींची तोंडं नेमकी तिथे उघडतात. एखाद्याच्या लाळेत खनिजांचं प्रमाणच जास्त असतं आणि नीट ब्रश करूनही त्याला किटण होतं. 'स्वच्छ राहत नाहीस' म्हणून त्याला टोमणे मारण्यात अर्थ नाही.

आणि ब्रश दोन दातांमधल्या फटीत जात नाही. तिथे फ्लॉस किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश लागतो, जो आपल्याकडे फार थोडे लोक वापरतात. पेस्टवर एक हजार पीपीएम किंवा अधिक फ्लोराइड आहे का, हेही एकदा वाचून घ्यावं.

हिरड्यांतून थोडं रक्त येतं, त्यात काय एवढं?

हाताच्या नखातून रोज सकाळी रक्त आलं असतं तर आपण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो. बेसिनमध्ये थुंकलेला गुलाबी फेस मात्र वर्षानुवर्षं चालवून घेतला जातो. फार तर कुणीतरी 'मऊ ब्रश वापर' असा सल्ला देतं. कित्येक जण रक्त येतं म्हणून त्या जागी ब्रश करणंच सोडतात, आणि दुखणं तिथेच वाढतं.

हाराल्ड लोए या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला एक प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हिरडीची सूज प्लाकमुळे येते आणि या टप्प्यावर ती परतवता येते, हे या प्रयोगाने पक्कं झालं.

पुढचा टप्पा परतवता येत नाही. सूज बराच काळ राहिली तर काही जणांमध्ये हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात किटण उतरतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. याला आपण पायोरिया म्हणतो. हाडही निमूटपणे झिजतं. दात हलायला लागतो तेव्हा बरंचसं हाड गेलेलं असतं, आणि ते आपोआप परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, आणि गंभीर हिरड्यांचा आजार असलेलेच १०० कोटींच्या वर आहेत.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांसाठी एक धोक्याची गोष्ट. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येतं. आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत असं वाटत राहतं.

खुर्चीत बसल्यावर नेमकं काय होतं?

आधी बघणं. छोटा आरसा आणि प्रोब नावाची बोथट, मिलीमीटरच्या खुणा असलेली सळई. प्रत्येक दाताभोवती ती हिरडीच्या कडेला अलगद टेकवून खोली मोजतात. चांगला डेंटिस्ट हे मोठ्याने बोलतो आणि असिस्टंट लिहून घेते: "तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन, पाच, चार." तीन मिलीमीटरपर्यंत ठीक. चार किंवा त्याहून जास्त आलं आणि सोबत रक्तही आलं, तर तिथे लक्ष घालायला हवं. हे आकडे मागून घ्या आणि फाईलला लावून ठेवा. पुढच्या खेपेला त्याच दाताच्या चारचा पाच झाला की तीन, यावरूनच कळतं की गाडी कुठे चालली आहे. ही मोजणी न करता नुसतं टॉर्च मारून 'स्केलिंग करून घ्या' सांगितलं असेल, तर ती चिठ्ठी आहे, तपासणी नव्हे. शिबिरात वेळ आणि साधनं कमी असतात, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण त्या चिठ्ठीला तेवढंच महत्त्व द्यावं.

मग जीभ, जिभेच्या कडा, गालांची आतली बाजू, टाळू बघतात. गरज वाटली तर एक्स-रे काढतात, कारण दोन दाढांमधली कीड आणि हाडाची पातळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. किरणांची भीती असेल तर, दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून रोज मिळणाऱ्या किरणोत्सर्गापेक्षा जास्त नसतो.

सफाई त्यानंतर. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक सेकंदाला साधारण पंचवीस हजार किंवा त्याहून जास्त वेळा कंप पावतं आणि त्या हादऱ्याने किटणाच्या खपल्या सुटतात. सोबत पाण्याचा फवारा असतो, तो टोक गार ठेवतो आणि खपल्या वाहून नेतो. आवाज कानात घुमतो, सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं, खालच्या पुढच्या दातांपाशी झिणझिण्या येतात. शेवटी फिरत्या रबराच्या कपाने पॉलिश करतात, त्यात चहा-तंबाखूचे डाग जातात. घरी आल्यावर जीभ दिवसभर खालच्या दातांमागे जाऊन नवी फट चाचपत राहते.

सफाई आणि दात पांढरे करून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या दातांचा मूळ रंग पिवळसर असेल तर सफाईनंतरही तो पिवळसरच राहणार. त्यावरून डॉक्टरशी वाद घालू नये.

'सफाई केली आणि दात हलायला लागले'

काकूंच्या म्हणण्यातलं तथ्य असं. पायोरियामुळे हाड आधीच झिजलेलं असतं. किटणाचा जाड थर दातांच्या मागून सलग पसरून त्यांना एकत्र चिकटवून ठेवतो. तो काढला की दात जितके हलत होते तितके हलताना कळतात. सुजलेली हिरडीही बरी होऊन आक्रसते, त्यामुळे फटी मोठ्या दिसतात आणि उघडी पडलेली मुळं काही दिवस गार पाण्याने झिणझिणतात. हे सगळं सफाईनंतर दिसतं म्हणून दोष सफाईवर येतो. खरं तर दोष सफाईला झालेल्या उशिराचा.

इनॅमल घासलं जातं का? बादलीवरचा थर नीट खरवडला म्हणून बादली झिजत नाही, तसंच इथेही. शिकलेल्या हाताने योग्य कोनात स्केलर धरला तर निरोगी इनॅमलला जाणवण्यासारखं नुकसान होत नाही. आडवातिडवा, जोर लावून केलेला रोजचा ब्रश किंवा खरखरीत मंजन याहून जास्त झीज करतं. झिणझिण्या दोन-तीन आठवड्यांनीही राहिल्या तर परत दाखवायला जावं.

दर सहा महिन्यांनी, हे कुणी ठरवलं?

'सहा महिने' हा आकडा सगळ्यांना लागू व्हावा, असा भक्कम पुरावा नाही. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २००४ मध्येच सांगितलं की मोठ्या माणसांची तपासणी धोका पाहून ३ ते २४ महिन्यांनी करावी. १८ वर्षांखालच्यांसाठी कमाल मर्यादा १२ महिने. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात दिसलं की ज्यांना गंभीर हिरड्यांचा आजार नाही आणि जे डेंटिस्टकडे नियमित जातात, त्यांची ठरावीक मुदतीने सफाई केली किंवा नाही केली, तरी दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. किटण तेवढं थोडं कमी होतं.

म्हणजे 'धंदा आहे' म्हणणारे काका जिंकले? एवढ्या लवकर नाही. या अभ्यासांमधली माणसं नियमित तपासणी करून घेणारी होती. त्यांच्या तोंडाकडे कुणीतरी लक्ष ठेवून होतं, बिघडलं असतं तर पकडलं गेलं असतं. दाढ ठणकल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणाऱ्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. दहा वर्षांत एकदाही तपासणी न केलेल्या माणसाने 'सफाईचा फायदा सिद्ध झालेला नाही' म्हणणं ही निव्वळ पळवाट आहे.

माझं मत विचाराल तर, निरोगी माणसाने वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी आणि पुढची तारीख डेंटिस्टला कारणासह ठरवायला सांगावी. 'सहा महिन्यांनी या' म्हटलं तर 'माझ्या बाबतीत सहाच का?' असं विचारावं. उत्तर देता आलं पाहिजे. आणि सफाई प्रत्येक खेपेला लागेलच असं नाही.

मधुमेह, गर्भारपण आणि हृदय

काही जणांना वर्षाचा अवकाश परवडत नाही. मधुमेह त्यात पहिला. साखर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांची सूज असली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. पायोरियावर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा टक्क्यांतला आकडा) सरासरी सुमारे ०.४ ने उतरतं, असं कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात दिसलं. साखरेच्या रुग्णाला डोळे आणि पाय तपासायला सांगतात, तोंड मात्र राहून जातं.

गरोदरपणात हार्मोन बदलल्याने हिरड्या सुजतात. आपल्याकडे 'दिवस गेलेत, आता दाताला हात लावू नका' असं सर्रास सांगतात. तपासणी आणि सफाईला तेव्हा बंदी नाही. मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. तोंड कोरडं पाडणारी औषधं घेणारे, दातांना तारा लावलेले, इम्प्लांट बसवलेले आणि पायोरिया एकदा होऊन गेलेले यांनीही लवकर जावं.

हृदयविकाराबद्दल मात्र जपून बोलायला हवं. हिरड्यांचा आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. पण एकामुळेच दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि दोन्हींच्या मागे तंबाखू आणि मधुमेह असतात. 'दात साफ करा, हार्ट अटॅक टाळा' अशी जाहिरात दिसली तर सोडून द्या. उलट दिशेने मात्र हृदयाचा दाताशी थेट संबंध येतो: हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगायचं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

तंबाखू, सुपारी आणि मशेरी

तोंडाकडे दुसऱ्याने बघावं याचं सगळ्यात मोठं कारण महाराष्ट्रात हे आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो कुठे मिळतो हे स्टेशनबाहेर उभं राहिलं की कळतं. शिवाय चुना लावलेली तंबाखू आहे, मावा आहे, आणि घरोघरच्या आज्या-मावश्यांची मशेरी. भाजून कुटलेली तंबाखू दातांना लावणं म्हणजे दात घासणं, असंच त्या धरून चालतात, म्हणून 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात. डेंटिस्टने, आणि घरच्यांनीही, मशेरीबद्दल वेगळं विचारावं. 'मी फक्त साधी सुपारी खातो' म्हणणाऱ्यांसाठी: सुपारी स्वतःच कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, तंबाखू असो वा नसो. तिच्यामुळे गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दाखवावं.

त्रिवेंद्रमजवळ झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी लोकांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली. २००५ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. टॉर्च आणि शिकलेली नजर, एवढीच साधनं. परळच्या टाटा रुग्णालयात मुखकर्करोगाचे कितीतरी रुग्ण वाढलेल्या अवस्थेत येतात. पांढरा किंवा लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण हीच त्याची सुरुवात असू शकते, आणि तो बहुधा दुखत नाही.

डेंटिस्ट नसलेलं काम काढतात, त्याचं काय?

ही शंका अगदीच निराधार नाही. एका दवाखान्यात 'पाच दात किडलेत', दुसऱ्यात 'दोन' हा अनुभव बऱ्याच जणांना असतो. कधी त्यामागे लोभ असतो, कधी मतभेद: सुरुवातीचा डाग एकाला भरावासा वाटतो, दुसऱ्याला नुसतं लक्ष ठेवावंसं वाटतं. आपल्या हातात काही गोष्टी आहेत. कीड कुठे आहे ते कॅमेऱ्यावर किंवा एक्स-रेवर दाखवायला सांगा. 'हे आत्ता केलं नाही तर काय होईल?' असं विचारा. दुखत नसेल आणि काम मोठं असेल तर एक्स-रे घेऊन दुसरीकडे दाखवा. यात कुणाचा अपमान नाही. भिंतीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का, तेही बघा.

खर्चाचं गणित सरळ आहे. खाजगी दवाखान्यात सफाईचे दर भागागणिक बदलतात, पण कुठेही गेलात तरी एका रूट कॅनल आणि कॅपच्या पैशांत कित्येक वर्षांच्या तपासण्या होतात. आरोग्य विम्यावर विसंबू नका. नेहमीचे दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींमध्ये नसतात. परवडत नसेल तर मुंबईत दोन चांगल्या जागा आहेत: मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. शुल्क बाहेरच्या मानाने फारच कमी. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: केस पेपरची रांग, मग या विभागातून त्या विभागात, एक सकाळ जातेच. काम विद्यार्थी करतात, मागे प्राध्यापक उभे असतात. हात सावकाश चालतो, पण तोंडाचा कोपरा न् कोपरा बघून लिहिला जातो. घाईतल्या दवाखान्यात हे क्वचित मिळतं. दुसरं मत घ्यायलाही ही ठिकाणं उत्तम, कारण तुमच्या कॅपमधून तिथे कुणाला काही मिळायचं नसतं.

दुधाचे दात पडणारच आहेत ना?

पडणार आहेत, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाला एकदा दाखवावं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते.

सगळ्यात हमखास चूक सहाव्या वर्षाच्या आसपास होते. तेव्हा शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही आणि ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. तिच्या वरच्या खोल चिरांत कीड फार लवकर शिरते. पहिलीतल्या मुलाला खिडकीपाशी तोंड उघडायला लावा आणि एका बाजूच्या दाढा मागपर्यंत मोजा. सुळ्याच्या मागे दोनऐवजी तीन दाढा दिसल्या तर ती आलेली आहे. डेंटिस्टला सीलंटबद्दल विचारा: चिरा बुजवणारा हा पातळ लेप दाढ पूर्ण वर आल्यावर इंजेक्शनशिवाय, ड्रिलशिवाय काही मिनिटांत लावता येतो. बारा वर्षांच्या सुमाराला तिच्या मागची दाढ येते, तेव्हा पुन्हा एकदा विचारायचं.